यंत्राची मनीषा आणि माणसाची मोजणी

मनुष्यप्राण्यास स्वतःविषयी जे अपार कौतुक वाटते त्याचा एक पुरावा असा की, जगातील यच्चयावत् वस्तूंस आपल्यासारखेच व्हावयाची इच्छा असली पाहिजे, असे तो गृहीत धरून चालतो. त्याने पशूंस आपली भाषा बोलावयास लाविले, देवांस आपले रागलोभ बहाल केले, आणि आता स्वतःच्या हातांनी घडविलेल्या यंत्राच्या अंतःकरणातही त्याने हीच मनीषा पेरून ठेविली आहे. गेल्या शंभर वर्षांतील नाटके, कादंबऱ्या व बोलपट पाहिले तर माणूस होण्यासाठी तळमळणारा यंत्रमानव त्यांत पुनःपुन्हा भेटतो. माणूस होणे ही काही सामान्य पदवी नव्हे, ती मिळविण्यासाठी पोलादानेही झुरावे, हे ऐकून आम्हां वाचक-प्रेक्षकांस सुखावल्यासारखे होते. परंतु हे सुख कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार बीडसारख्या जिल्ह्यात राहून करू लागले म्हणजे तो बराच वेगळ्या वाटेने जातो. ती वाट वाचकांस दाखवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या जातीच्या बोलपटांपैकी ‘बायसेन्टेनिअल मॅन’ हा आमच्या विशेष आवडीचा. आयझॅक असिमॉव्ह ह्या ग्रंथकाराने १९७६ साली लिहिलेल्या कथेवरून तो १९९९ साली तयार झाला. ख्रिस कोलंबस हे त्याचे दिग्दर्शक, आणि यंत्रमानवाची भूमिका रॉबिन विल्यम्स ह्या गुणी नटाची. कथा थोडक्यात अशी. मार्टिन नावाच्या सुखवस्तु कुटुंबात घरकामासाठी एक यंत्रमानव विकत आणिला जातो. त्याच्या जातीचे नाव धाकट्या मुलीस नीट उच्चारिता येत नाही, आणि त्या बोबड्या उच्चारांतूनच त्याला ‘अँड्र्यू’ हे नाव मिळते. थोरली मुलगी त्यास खिडकीतून उडी टाकावयास सांगते व तो बिचारा आज्ञाधारकपणे टाकितो. तेव्हा गृहस्वामी सर्वांस बजावितो की, हा आपल्या मालकीचा असला तरी ह्या घरात त्यास माणसाप्रमाणेच वागविले पाहिजे. धाकटीचा काचेचा घोडा त्याच्या हातून फुटतो, म्हणून तो लाकडाचा घोडा कोरून तिला देतो, आणि त्या कोरण्यातून त्याच्या ठायी कारागिरीची प्रतिभा असल्याचे उघडकीस येते. पुढे तो घड्याळे बनवितो, ती विकली जातात, त्याच्या नावाने बँकेत पैसा साठतो. एके दिवशी तो सारा पैसा पुढे ठेवून तो धन्याजवळ आपले स्वातंत्र्य विकत मागतो.

पुढील शेदीडशे वर्षांची हकीकत ही त्याच्या देहांतराची हकीकत आहे. त्यास माणसाचा चेहरा मिळतो, मग त्वचा, मग संवेदना, मग एकेक कृत्रिम इंद्रिय. तो प्रेम करू लागतो. शेवटी तो जगाच्या विधिमंडळापुढे उभा राहून आपणांस माणूस म्हणून मान्यता द्यावी अशी याचना करितो. विधिमंडळ नकार देते, आणि नकाराचे कारण मोठे मार्मिक आहे: अमर यंत्र समाजास सहन होईल, परंतु अमर माणूस सहन होणार नाही. तेव्हा अँड्र्यू आपल्या देहात जरा व मृत्यु ह्यांस प्रवेश देतो. वयाच्या दोनशेव्या वर्षी, तो अंथरुणास खिळलेला असता, विधिमंडळ त्यास माणूस म्हणून जाहीर करिते, आणि ते शब्द त्याच्या कानांवर पुरते पडण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात.

बोलपटाचा सिद्धांत असा की, मरण हेच मनुष्यत्वाचे अंतिम लक्षण होय. सिद्धांत सुंदर आहे, पाश्चात्त्य व पौर्वात्य दोन्ही मनांस रुचेल असा आहे, आणि बरेच दिवस आम्हीही त्यावर संतुष्ट होतो. त्यास पहिला तडा पाडिला तो एका शाळकरी मुलीने. ही मुलगी वसतिगृहात राहून शिकते. तिचे आईबाप दसऱ्यादिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सुटीच्या एका दिवशी ती आमच्या घरी आली असता आम्ही हाच बोलपट पाहत होतो. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. चित्र संपल्यावर मात्र म्हणाली, “काका, ह्याला नाव तर पहिल्याच दिवशी दिलं की. मग दोनशे वर्षं रडतोय कशापायी? आमच्या आईचं नाव मुकादमाच्या वहीत नाहीच. बापाच्या नावापुढं ‘एक कोयता’ लिहितेत, त्यातच आई आली.”

ज्या वाचकांस ह्या भागाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. बालाघाटाच्या डोंगरपठारावरील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इत्यादी तालुक्यांतून दरसाल काही लाख माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर ह्या बागायती जिल्ह्यांत व कर्नाटकातही ऊस तोडण्यासाठी जातात. साखर कारखाना, त्याचा मुकादम आणि मजुरांची टोळी अशी ही साखळी असते. मुकादम हंगामापूर्वीच ‘उचल’ म्हणून आगाऊ रक्कम देतो. ती लग्नात, दवाखान्यात, किंवा मागील देण्यात खर्च होऊन जाते. मग ती फेडण्यासाठी सबंध हंगामभर तोडणी करावयाची, आणि मजुरीचा हिशेब टनावर. ह्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, आणि एकटादुकटा गडी किंवा बाई असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादम विचारितो, “टोळीत कोयते किती?” माणसे किती, असे तो विचारीत नाही. पहाटेच्या अंधारात फडावर जावे, ऊस तोडावा, पाचट काढावे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहाव्या, रात्री-अपरात्री गाडी आली तर ती भरावी, आणि राहावयास पाचटाची कोपी, असा हा दिनक्रम असतो. एखाद्या दिवशी काम चुकले तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड मजुरीतून कापला जातो.

येथे यंत्रमानव ह्या कल्पनेच्या मूळ नावाकडे वळणे उपयुक्त होईल. ‘रोबोट’ हा शब्द जगास दिला तो कारेल चापेक ह्या चेक नाटककाराने. त्याचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द मात्र त्याच्या भावाने, योसेफने, सुचविलेला. चेक भाषेतील ‘रोबोता’ ह्या शब्दाचा अर्थ वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम म्हणजे रोबोता, आणि ही पद्धति त्या देशात १८४८ साली कायद्याने बंद झाली. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही आज पोलाद, विजेच्या तारा व लुकलुकणारे दिवे डोळ्यांपुढे आणितो, तो शब्द मुळात शेतात राबणाऱ्या माणसासंबंधीचा आहे! यंत्राने माणसाचे नाव घेतले ही गोष्ट खरी नव्हे. वेठीस धरलेल्या माणसाचे नाव यंत्रास देण्यात आले, ही खरी गोष्ट. चापेकच्या नाटकातील यंत्रमानवही लोखंडाचे नाहीत. ते रासायनिक द्रव्यांपासून बनविलेले, दिसावयास हुबेहूब माणसासारखे, केवळ कामास निरुपयोगी अशा भावना वगळून घडविलेले आहेत. आमच्याकडे वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. असिमॉव्हने आपल्या यंत्रमानवाचा स्वातंत्र्यार्ज लिहिला तेही ह्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही गूढ शोधू नये. परंतु दोन्ही लिखाणांचा विषय एकच होता, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ह्यावर कोणी म्हणेल की, हा सारा शब्दांचा कीस आहे. हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची चाल जुनी आहे. मराठ्यांच्या फौजा घोड्यांच्या संख्येने मोजल्या जात, शेतकऱ्याची ऐपत ‘घरी औत किती’ ह्यावरून सांगत, आणि त्यात कोणाचा अपमान होई असे नाही. हा आक्षेप आम्हांस बिनमोल वाटत नाही. बोलीभाषा अशीच असते, आणि कित्येक तोडकरी स्वतःस मोठ्या अभिमानाने कोयता म्हणवितात. ऊस मुळाशी नेमका तोडणे हे कसबाचे काम आहे आणि त्या कसबाचा त्यांस गर्व असावा हे योग्यच आहे. त्यांच्याकडे केवळ दयेच्या दृष्टीने पाहणे हाही त्यांचा एक प्रकारचा अपमानच होय. परंतु फौजेतल्या घोड्यावर बसणाऱ्या शिलेदाराचे नाव दप्तरात स्वतंत्र असे. अलंकार तोवरच अलंकार, जोवर हिशेब त्याच्या मागोमाग जात नाही. येथे हिशेब मागोमाग जातो. मजुरी कोयत्याची, उचल कोयत्याची, खाडा कोयत्याचा. आणि कोयता आजारी पडत नाही, कोयत्यास पाळी येत नाही, कोयत्यास मूल होत नाही. ज्या क्षणी बाईची गणना ह्या शब्दात झाली त्या क्षणीच तिचा देह ही व्यवहारातील एक अडचण होऊन बसला.

ही अडचण कशी दूर करण्यात आली ते सांगणे आम्हांस सुखाचे नाही. परंतु ते टाळून ह्या विषयावर लिहिणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याची गोष्ट २०१९ साली विधिमंडळात गाजली, आणि विधान परिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसमिति नेमण्यात आली. त्या वेळी जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांत सुमारे एक! त्यांतील पुष्कळ ऐन तारुण्यातील होत्या. ह्याचा सारा दोष एकट्या मुकादमाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, जड मोळ्या वाहून अंगावर जाते, दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढिले जाते, मग कोणी वैद्यव्यवसायी कर्करोगाची भीति घालितो, आणि खाड्याची भीति तर नित्याचीच. अशा दहा कारणांचा धागा एकत्र वळला म्हणजे जो दोर होतो तो बाईस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ओढीत नेतो. कोणी तिला बळजबरीने नेले असे नव्हे, आणि ती राजीखुशीने गेली असेही नव्हे.

आता ही हकीकत अँड्र्यूच्या हकीकतीशेजारी ठेवून पाहावी. तो एकेक इंद्रिय मिळवीत माणूस होत जातो, आणि प्रत्येक इंद्रियासरशी प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ही स्त्री माणूस म्हणून जन्मास आली, आणि यंत्राप्रमाणे अखंड चालता यावे म्हणून तिने आपले एक इंद्रिय देऊन टाकिले. तिच्यासाठी कोणत्याही पडद्यावर संगीत वाजले नाही. चापेकच्या नाटकात तर ह्याहूनही बोचणारा प्रसंग आहे. तेथील कारखान्यातले तज्ज्ञ यंत्रमानवांस वेदनेची जाणीव देण्याचे ठरवितात. भूतदयेमुळे नव्हे, तर दुखत नसल्यामुळे हे यंत्रमानव आपले हातपाय मोडून घेतात व कारखान्याचे नुकसान होते म्हणून! म्हणजे यंत्राचा धनी हिशेबी असला तरी वेदनेची किंमत ओळखितो. दुखणे ही थांबण्याची सूचना आहे, हे त्यास कळते. आमच्याकडे सूचना ऐकून थांबण्याऐवजी सूचना देणारा अवयवच काढिला गेला.

येथवर आल्यावर ‘माणूस म्हणजे काय’ ह्या प्रश्नाचे उत्तर परक्या बोलपटांत शोधीत बसण्याचे आम्हांस कारण उरले नाही. ह्या प्रश्नाचा काथ्याकूट ह्याच जिल्ह्यात शतकानुशतके झालेला आहे. अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे गाव, आणि दासोपंतांचेही. दासोपंतांची पासोडी म्हणून जी प्रसिद्ध आहे ती एक लांबलचक अशी कापडाची पट्टी. कागद पुरेना म्हणून की काय, ह्या पुरुषाने कापडावर ग्रंथ लिहिला, आणि तिचा विषय आहे पंचीकरण. पंचीकरण म्हणजे पंचमहाभूतांपासून हा देह कसा जुळविला गेला त्याचे विवेचन: प्रत्येक भूताचे दोन भाग करावयाचे, एक अर्धा तसाच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार वाटे करून ते इतर चार भूतांत मिळवावयाचे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मानवी यंत्राचा हा जोडणी-आराखडाच होय. ह्या परंपरेत देहाच्या घटकांची जी यादी सांगितली जाते ती आम्ही ह्या निमित्ताने पुनः पाहिली. अस्थि, मांस, त्वचा, नाडी, रोम हे पृथ्वीचे अंश. तेजाचे अंश म्हणून मात्र जी नावे येतात ती अशी: क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा आणि मैथुन.

आलस्य आणि निद्रा! आमच्या पूर्वजांनी ह्या दोन गोष्टी देहाचे दोष म्हणून नव्हे, तर देहाचे घटक म्हणून नोंदविल्या, आणि त्याही तेजाच्या खात्यावर. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या ग्रंथकारांनीही मनुष्याच्या रचनेतून विसावा वगळिला नाही. त्यांचा पुढील सिद्धांत असा की, हा सारा जुळविलेला पसारा म्हणजे ‘मी’ नव्हे. तो आत्मज्ञानाचा विषय असून त्यात शिरण्याची आमची पात्रता नाही. परंतु आत्म्याकडे जाण्यापूर्वी देहाची यादी तरी पुरी करावी लागते, आणि त्या यादीत थकणे आहे, एवढे येथे पुरे.

ह्या आधारावर आम्हांस बोलपटाचा सिद्धांत थोडा दुरुस्त करावासा वाटतो. मरण हे मनुष्यत्वाचे लक्षण म्हणावे तर ऊसतोड मजुरांइतके मर्त्य दुसरे कोण? विहिरीत, रस्त्यावर, गाडीखाली, बाळंतपणात त्यांच्या मर्त्यतेचा प्रत्यय दर हंगामात येतो, आणि एवढ्याने त्यांची वहीतील नोंद बदलत नाही. तेव्हा मरण पुरेसे नाही. माणूस आणि यंत्र ह्यांतील भेद आम्हांस असा दिसतो की, यंत्र थांबले तर तो बिघाड, माणूस थांबला तर तो विसावा. ज्यास थांबण्याचा अधिकार आहे तो माणूस, आणि ज्याचे थांबणे ‘खाडा’ म्हणून लिहिले जाते त्यास, तो कोणत्याही मातीचा असो, यंत्राच्या पंक्तीस बसविण्यात आले आहे. अँड्र्यूने दोनशे वर्षे झगडून जे मिळविले त्यासही आम्ही मरणाचा हक्क न म्हणता थांबण्याचाच हक्क म्हणू.

दुसरा एक बोलपट ह्या संदर्भात आठवतो. शंकर ह्या दिग्दर्शकाचा ‘एन्दिरन’ २०१० साली आला व हिंदीत ‘रोबोट’ ह्या नावाने आमच्याकडेही पुष्कळांनी पाहिला. त्यात शास्त्रज्ञ व यंत्रमानव ह्या दोन्ही भूमिका रजनीकांत ह्यांच्या. बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि तेथेच बसगाडीवर वाहकाचे काम केलेले हे पूर्वाश्रमीचे शिवाजीराव गायकवाड. त्यातील यंत्रमानवास भावना दिल्या जातात, तो प्रेमात पडतो, अनर्थ माजतो, आणि अखेर न्यायालयाच्या आज्ञेने तो आपले अवयव आपल्याच हातांनी सुटे करितो. पुढे पदार्थसंग्रहालयात त्याचे सुटे भाग पाहावयास आलेली एक मुलगी विचारिते की ह्यास का मोडिले, तेव्हा उत्तर येते की, तो विचार करू लागला म्हणून. साऱ्या गदारोळाच्या बोलपटात हे एक वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटले. जे राबते त्याने विचार करू नये, ही अपेक्षा काही केवळ यंत्राविषयीच बाळगिली जाते असे नाही.

परंतु ह्या जिल्ह्यात विचार सुरू झाला आहे, आणि त्यास मोडण्याची आज्ञा कोणी काढू शकेल असे दिसत नाही. ऊसतोड मजुरांच्या संघटना दरवाढीसाठी संप करितात. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावे मजुरांसाठी कल्याण महामंडळ आहे, आणि संत भगवानबाबांच्या नावे त्यांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आहे. ह्या व्यवस्था किती पुऱ्या पडतात ह्याविषयी मतभेद होतील, पण ज्या मुलीने आम्हांस वरील प्रश्न विचारिला ती फडावर न जाता शाळेत बसली होती म्हणूनच विचारू शकली, हे विसरता येत नाही. दुसरीकडे ऊस तोडणारे प्रचंड यंत्र, ज्यास येथील लोकही ‘हार्वेस्टर’ असेच म्हणतात, शिवारांत उतरू लागले आहे. ते जेथे जेथे चालेल तेथे तेथे कोयते कमी लागतील. कोयते कमी झाले तर माणसे वाढतील काय, की माणसेही कोयत्यांबरोबरच हिशेबातून वजा होतील, हा पुढील प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राने द्यावयाचे नाही.

म्हणून यंत्रमानवाच्या मनीषेची कथा आम्ही आजही आवडीने पाहू, पण तिच्यातील एका गोष्टीकडे अधिक लक्ष देऊन. अँड्र्यूचा मनुष्यत्वाकडील प्रवास विधिमंडळात सुरू झाला नाही. एका लहान मुलीने त्यास नावाने हाक मारिली व घरच्या धन्याने तिची हाक मान्य केली, तेथेच तो सुरू झाला. विधिमंडळाने पुढे दोनशे वर्षांनी केले ते केवळ शिक्कामोर्तब. आमच्याकडे मोठे कायदे झाले आहेत, समित्या बसल्या आहेत, अहवाल छापले गेले आहेत, आणि ते सर्व व्हावयासच हवे होते. पण पुढील हंगामाच्या वहीत बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली स्वतंत्र ओळीवर यावे, तिच्या नावापुढे तिची मजुरी लिहिली जावी, आणि तिच्या दुखण्याच्या दिवसापुढे खाड्याऐवजी सुटी हा शब्द पडावा, ह्यासाठी दोनशे वर्षे लागण्याचे काही कारण नाही. त्यास एक ओळ लागते, आणि ती लिहिण्याची बुद्धि.